दुसरी किल्ली

गाडीच्या चारही दारांची आतली कव्हरं निघाली, तरी दोष सापडेना. किल्लीवाल्याने वायरी एकेक करून तपासल्या. कुलपांच्या मोटरी ठणठणीत होत्या. रिमोटचं बटण दबलं होतं, म्हणून त्याने नवं रबर बसवलं, सेलही बदलला. गाडी एका दाबात उघडत होती आणि एका दाबात बंद होत होती.

"मग ही आपोआप उघडते कशी?" काकांनी विचारलं. काका निवृत्त झाले होते, पण समोरच्याकडून खुलासा मागायची त्यांची सवय काही निवृत्त झाली नव्हती. "अंगणात उभी असते. दुपारचं जेवण झाल्यावर मी स्वतः बंद करतो. झोपून उठावं तर उघडी!"

"रोज?"

"रोज नाही. बुधवारी. हसू नका, मी लिहून ठेवलंय."

"गाडीलाही एक दिवस सुट्टी हवी असेल, काका."

काका हसले नाहीत. दुकानाच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर काकू पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, उघडते तर उघडू दे ना. त्या खटाऱ्यात चोरण्यासारखं आहे तरी काय?"

"तुला त्यातलं काही कळतं का?" काका म्हणाले.

किल्लीवाल्याने स्टिअरिंगखाली मशीनची वायर जोडली. पडद्यावर आकडा आला आणि त्याचा चेहरा खुलला. "काका, गाडीला दोन किल्ल्या जोडलेल्या आहेत. दुसरी कुठंय?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "हरवली," ते म्हणाले.

"मग सापडला की चोर!"

हरवलेली किल्ली त्याने आजवर कुठल्याच गाडीत जिवंत ठेवली नव्हती. अशी किल्ली कोणाच्या हाती पडेल याचा नेम नाही, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी तो गिऱ्हाईकाला विचारतही नसे. त्याने दोन बटणं दाबली, मशीन एकदा वाजलं आणि दुसरी किल्ली गाडीच्या नोंदीतून पुसली गेली.

"आता तुमची ही एकच किल्ली चालणार. ती दुसरी कोणी दिवसभर दाबत बसला तरी गाडी ढिम्म हलायची नाही."

काकू उठून उभ्या राहिल्या. पर्स खाली पडली, तिच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. काका मात्र खूश होते. कव्हरं बसवून होताच ते गाडी वळवायला बाहेर गेले.

काकू टेबलाशी आल्या. "ती परत जोडता येईल?"

"येईल की. दोन मिनिटांचं काम. फक्त ती किल्ली इथे आणावी लागेल."

"कुठून आणू? ती माझ्या मुलाकडे आहे." त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. "तीन वर्षांपूर्वी ह्यांनी त्याला घराबाहेर काढलं. बुधवारी त्याला सुट्टी असावी. दुपारी हे झोपले की तो समोरच्या फुटपाथवर येतो आणि बटण दाबतो. गाडीचे दिवे लुकलुकतात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी असते. तेवढंच."

किल्लीवाला म्हणाला, "मग फोन करून सांगा ना त्याला."

"नंबर नाही, पत्ता नाही. एकदा मी फाटकापर्यंत धावले, तर दोन महिने आलाच नाही. तेव्हापासून जागची हलत नाही."

किल्लीवाल्याने मशीनकडे पाहिलं. पुसलेली किल्ली हातात असल्याशिवाय परत जोडता येत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आणि उद्याच बुधवार होता. "चूक झाली, काकू," तो म्हणाला.

बाहेर काकांनी हॉर्न दिला. काकूंनी पर्स उचलली, डोळे पुसले.

"चूक तुमची नाही हो," त्या म्हणाल्या. "पण जाताना तो म्हणाला होता, 'आई, किल्ली नेतोय. गाडी उघडेल तोवर येत राहीन. ज्या दिवशी उघडणार नाही, त्या दिवशी समजेन की आता तूसुद्धा बाबांसारखीच झालीस.'"