बंद केल्यावर चौदा महिने

वाटाण्याच्या दाण्याएवढं मलम. त्याहून जास्त नाही.

क्लच हळू सोडा, मास्तर. गाडी आहे, म्हैस नाही.

अकरा मिनिटांचा फरक.

हनुवटी पट्टीवर. हसायचं नाही.

पांढऱ्या दिव्याखाली एकेकीने यायचं, बाकीच्यांनी रांगेत थांबायचं.

दोघी जुळ्या. थोरली लोकांना गाडी चालवायला शिकवायची. तिचा एक गाल कायम खिडकीतल्या उन्हाकडे. धाकटी मोठ्या दुकानात सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर उभी असायची. दरवर्षी तिथला मॅनेजर काउंटरच्या बायकांना पांढऱ्या दिव्याखाली उभं करायचा आणि चेहरे बघून पुढचा करार द्यायचा. गेल्या वर्षी त्यातल्या दोन बायकांची रवानगी गोदामात झाली होती.

चार वर्षं दोघी बहिणी एकच मलम लावत होत्या, त्वचेच्या डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीशिवाय न मिळणारं. सुरुवातीला कातडी उकडलेल्या बटाट्यासारखी सोलून निघाली. मग डाग फिके झाले, रेघा बुजल्या. थोरलीला जन्मात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, "तुमच्यात मोठी कोण?" तो दिवस तिने जपून ठेवला होता.

मग डॉक्टरीणबाईंना प्रश्न पडला: मलम बंद केलं तर हे सगळं टिकतं किती दिवस? जुळ्या बहिणी म्हणजे आयता तराजू. एकीने लावत राहायचं, एकीने थांबायचं. कोणी काय करायचं ते बंद पाकिटातून ठरणार. दर दोन महिन्यांनी फोटो.

थोरली थांबली.

दुसरा महिना. फोटोत काही फरक नाही.

"बघितलंत? उगाच चार वर्षं चोळत बसलो," थोरली म्हणाली.

"घाई करू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वरची झळाळी आधी जाते. आतलं काम सावकाश उतरतं. मलम वयाला थांबवत नाही, फक्त हाताला धरून हळू चालवतं. हात सोडला की वय आपल्या चालीने चालायला लागतं."

सहावा महिना. खिडकीकडच्या गालावरचा डाग उगवला. नाकाशेजारी कातडी खरखरीत झाली.

"नशीबच फुटकं गं तुझं, ताई," धाकटी म्हणाली. "लहानपणी पण फुगा तुझाच फुटायचा."

"आणि मग तुझा मी पळवायचे. ते नाही आठवत?"

"माझ्या ट्यूबमधलं घे ना चिमूटभर. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल. ठेव ती आत."

दहावा महिना. निवृत्त मास्तरांनी वळणावर गाडी बंद पाडली आणि तेवढ्या वेळात तिच्याकडे निरखून पाहिलं. सत्तरीत गाडी शिकायला आलेला माणूस, भीड कसली ती नाही.

"बाई, मध्यंतरी आजारी होतात का?"

"नाही, मास्तर. हे माझंच तोंड आहे. चार वर्षं गावाला गेलं होतं, आता परत आलंय. तुम्ही पुढे बघा."

त्या आठवड्यात आईचा फोन आला. फोटो बघून म्हणाली, आता तुम्ही दोघी चष्म्याशिवाय वेगळ्या ओळखू येता, थोरली फार दमल्यासारखी दिसते गं.

"दमेन नाहीतर काय," थोरली म्हणाली. "दिवसभर दुसऱ्यांचे ब्रेक मी दाबते."

फोन ठेवून ती आरशासमोर गेली. कपाटात जुनी अर्धी ट्यूब होती. तिने टोपण काढलं, वास घेतला, टोपण लावलं. मग ती ट्यूब कात्रीने मधोमध कापली आणि कचऱ्यात टाकली. आरशातल्या बाईला म्हणाली, "काय बघतेस?"

तेराव्या महिन्यात धाकटी दिव्याखालून गेली. मॅनेजरने एकदाच पाहिलं आणि या वेळी थेट तीन वर्षांचा करार पुढे सरकवला. शेजारची बाई गोदामात गेली.

चौदावा महिना. हनुवटी पट्टीवर. थोरली मुद्दाम हसली. फोटोवाल्याला फोटो पुन्हा काढावा लागला.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दोन चेहरे शेजारी शेजारी लावले. "कपाळावरची रेघ अजून पूर्वीएवढी खोल नाही, तेवढं राहिलंय. बाकी पोत, डाग, बहुतेक सगळं वर्षभरात मूळपदावर. उपकार झाले तुमचे. आता आजपासून सुरू करा. पुढे आठवड्यातून दोनतीनदा लावलं तरी टिकून राहील."

"नको," थोरली म्हणाली.

"नको म्हणजे?"

"राहू दे. आता एकमेकांची सवय झालीय, मला आणि ह्याला."

"अगं, वेडी का तू?" धाकटी म्हणाली. "नशिबाने गळ्यात मारलं म्हणून जन्मभर वागवायचं?"

"माझ्या गळ्यात कोणी काही मारत नाही," थोरली म्हणाली. "पर्स घे. मास्तरांची चारला परीक्षा आहे."

जिन्यात धाकटीने तिचा दंड धरला. नेहमीचा टवाळ सूर नव्हता.

"खरं सांगू, ताई? उलटं निघालं असतं ना, तर मी आज खोकी मोजत असते."

"नाही निघालं ना?"

"नाही."

"मग चल. आणि उन्हात जाताना तोंडाला ते सनस्क्रीन लाव, रोज सांगायला मी येणार नाही."

धाकटी हसली आणि पर्समध्ये क्रीम शोधायला लागली.

चौदा महिन्यांपूर्वी, दुकानातून आलेला फोन घ्यायला धाकटी बाहेर गेली होती, तेव्हा तिने निवडून ठेवलेलं पाकीट थोरलीने उघडून आपल्या पाकिटाशी बदललं होतं; आतल्या कार्डावर 'बंद' असं छापलेलं होतं.