एकोणतीस फेब्रुवारी

बाबा हल्ली फार विसरतात म्हणून त्यांना दाखवायला नेलं होतं. “आज तारीख काय, काका?” डॉक्टरांनी सहज विचारलं. बाबा ठामपणे म्हणाले, “एकोणतीस फेब्रुवारी.” बाबांच्या पाठीमागच्या कॅलेंडरवर ऑगस्ट होता. “आणि साल?” तेही त्यांनी दोन वर्षं पुढचं सांगितलं. डॉक्टर मान खाली घालून काहीतरी लिहू लागले. “मेंदूचा स्कॅन करून घेऊ,” ते म्हणाले. परतताना, शेवटी मला ओळखेनासे झालेले आजोबा डोळ्यांसमोरून हलेनात. घरी बाबांच्या खोलीत पाणी ठेवायला गेले, तर उशाशी माझा ऑफिसचं ॲप तपासायचा, टेस्टिंगचा फोन! “हा इथे कसा?” “माझं घड्याळ बंद पडलंय, म्हणून तुझ्या टेबलावरून उचलला.” बाबा ओशाळले. “डॉक्टर तारीख विचारतात असं ऐकलं होतं. सकाळी त्यात बघून पाठ करून गेलो. माझाही विश्वास बसेना. पण म्हटलं, फोन कशाला खोटं बोलेल? आपलंच डोकं कामातून गेलं असेल.” लीप वर्षात आमचं ॲप गडबडतं का ते बघायला ती तारीख फोनमध्ये मीच टाकली होती. मी त्यांच्या पलंगावर मटकन बसले आणि रडू येईपर्यंत हसले. “मग खरी तारीख काय?” बाबांनी विचारलं. मी सवयीने त्याच फोनकडे बघितलं. महिनाभर रोज नवी खोटी तारीख टाकून मलाच पटकन आठवेना. बाबांनी चपला पायात सरकवल्या. “चल, आता तुला नेतो डॉक्टरकडे.”