चांदणीच्या कानात

"मॅडम, एवढ्या वर्षांत मन कधी कचरलं नाही?" मुलाखतकाराने विचारलं.

निरोप समारंभात डॉ. वसुधा पालेकर रंगात आल्या होत्या. घोड्यांना सापाचं विष थोडं थोडं टोचायचं आणि त्यांच्या रक्तातून सर्पदंशावरचं औषध काढायचं, यात त्यांची हयात गेली होती.

"मुळीच नाही. जनावरांना मी लेकरांसारखं सांभाळलं. आमच्या चांदणीलाच विचारा ना!"

मंडपाच्या कडेला उभ्या घोडीच्या गळ्यात तिच्या मनातलं माणसांच्या भाषेत बोलून दाखवणारा नवा पट्टा होता. त्यातून सावकाश आवाज आला, "बाई चांगल्या आहेत. टोचताना दर वेळी मानेवर हात ठेवून कानात सांगायच्या, 'राणी, आज शेवटचं हं.'"

मंडपात हशा पिकला. बाईंनी मात्र चमकून चांदणीकडे पाहिलं. घोडीला काय कळतंय, म्हणून तर त्या बिनधास्त सांगायच्या.

"म्हणून मी हलायचे नाही," चांदणी म्हणाली. "मला दर वेळी खरं वाटायचं."

आता कुणी हसलं नाही. बाई खाली मान घालून उठल्या, तिच्याजवळ गेल्या. माफी मागायला त्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला.

हात लागताच चांदणीने सवयीने डोळे मिटले आणि विचारलं, "आज तरी शेवटचं ना?"