फरक पडत नाही

कोरियातल्या देजॉन शहराच्या एका बाळंतीण-केंद्रातल्या दूध पाजायच्या खोलीत ग्यूरीने आपली बाटली उजेडात धरली. एकशे वीस मिली. शेजारी तिच्याच आठवड्यात बाळंत झालेली तिची धाकटी जाऊ दासोम पंप लावून बसली होती. तिच्या बाटलीत जेमतेम तळ झाकला होता, आणि छातीला चिरा पडल्यामुळे त्या दुधाला गुलाबी झाक आली होती.

"किती हाल करून घेशील गं?" ग्यूरी म्हणाली. तिचं औषधांचं दुकान होतं, त्यामुळे घरात तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "अंगावरच्या दुधाने पोरं हुशार होतात म्हणे! अगं, पाजणाऱ्या बायकाच जास्त शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी असतात. श्रेय मात्र दुधाला. एकाच आईची दोन पोरं घे, एक अंगावरचं, एक डब्याचं. फरक उरतच नाही."

"पण जाऊबाई, जुलाब तरी कमी होतात ना?"

"होतात थोडे कमी. म्हणून काय जीव द्यायचाय?"

"नर्स म्हणाली, कालपेक्षा दहा मिली जास्त आलंय. आणि सासूबाई..."

"नर्सने किती शोधनिबंध वाचलेत? आणि आईंना मी सांगते."

दासोमला रडू फुटलं. नऊ दिवसांत तिला पहिल्यांदाच कुणीतरी 'थांब' म्हणालं होतं. जावेचे पाय धरावेत असं तिला वाटलं.

त्याच संध्याकाळी ग्यूरीने खालच्या दुकानातून सिक्येच्या चार बाटल्या आणून दिल्या. मोडाच्या जवाचं हे गोड पाणी प्यालं की दूध आटतं, असं आज्या सांगत आल्यात. दुधाला पुरावा हवा, सिक्येला नको! दासोमने छाती घट्ट बांधली, पंप कपाटात टाकला आणि तीन दिवस तेच पीत राहिली.

चौथ्या दिवशी सासूबाई दूध वाढवणारं समुद्री शेवाळाचं सूप घेऊन आल्या. दोन सुनांसाठी दोन डबे. दासोम बाळाला पावडरचं दूध पाजतेय हे बघितल्यावर त्यांनी दुसरा डबाही ग्यूरीपुढे सरकवला.

"जाऊबाई, सांगा ना आईंना," दासोम म्हणाली.

"तिला सोसवलं नाही, आई," ग्यूरी मऊ आवाजात म्हणाली. "रागावू नका तिच्यावर."

सासूबाईंनी धाकटीच्या बाळाला हातही लावला नाही. थोरलीच्या लेकीचा पापा घेऊन त्या निघून गेल्या.

ग्यूरीने लेकीला अंगावर घेतलं. पोर चुटुचुटु पिऊ लागली.

"फरक पडत नाही म्हणालात," दासोमचा आवाज फाटला, "मग तुम्ही का नाही सोडलंत?"

ग्यूरीने मान वर केली नाही.

"ते आकडे दहा-दहा हजार पोरांचे असतात गं. माझी एकच आहे."