बायजाक्काच्या गोठ्यातली ऊब

गोचिडांच्या पोटातले जीवाणू रक्ताची ऊब लागली की जागे होतात. तेव्हा त्यांची कोणती जनुकं चालू होतात, हे शोधण्याचा माझा बी.एस्सी.चा प्रयोग होता. त्यासाठी बाजारकुणंगच्या बायजाक्काच्या पाडीवर मी महिनाभर गोचीड पोसले. पाडी परवा मेली.

पौषातल्या गार सकाळी मी तिच्या अंगावरून काढलेल्या गोचिडांची काचेची बाटली न्यायला गोठ्यात शिरलो. बायजाक्का दारातच उभी राहिली.

“तुजा अब्यास झाला न्हवं? माजी पाडी गेली की.”

मी बाटली उचलली. गोचीड नेहमी उबेकडे धावतात, पण माझ्या हाताकडे एकही फिरकला नाही. सगळे पाडीच्या रिकाम्या खुंट्याच्या दिशेच्या काचेला चिकटले होते. मी बाटली उलटी फिरवली. ते वळून पुन्हा तिकडेच गेले.

खिशातला थर्मामीटर काढून खुंट्याजवळ धरला. पारा अडतीस अंशांवर चढला, जिवंत जनावराच्या अंगाइतका.

“अक्का, हितं काय बांधलंय?”

“आता काय न्हाई.” तिनं हातातलं दावं मला दाखवलं. “मगाशीच सोडलंय म्या.”

तिनं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

काचेवरचा घोळका हलला. तो सावकाश माझ्या डाव्या हाताच्या बाजूला सरकला, मग पाठीच्या बाजूला आला आणि तिथंच थांबला.