केशोरावांची दोरी

४ डिसेंबर २०२४, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. दोरीला गाठी वीस.

नौदलातून निवृत्त झालेले केशोराव दर नौदल दिनी याच दोरीने नवेगाव बांध तलावाची खोली मोजत. ते गेल्यानंतरचा हा पहिलाच नौदल दिन होता; दोरी आता त्यांच्या मुलीच्या, दुर्गेश्वरीच्या हातात होती.

"बाई, काऊन धरून बसली? बुडवून टाक दोरी," डोंगा वल्हवणारा तिचा धाकटा भाऊ म्हणाला. "लोक हासून राहिले."

"हासू दे." दुर्गेश्वरीने दोरीच्या टोकाचे शिशाचे वजन पाण्यात सोडले.

तळ लागला. मग खालून दोरीला तीन हिसके बसले, सावकाश, मोजून दिल्यासारखे.

भावाच्या हातातले वल्हे थांबले. "सोड, बाई!"

"ओढा बाबा, किती ओढता ते! मी नाही सोडत."

तिने दोरी हातभर हातभर वर घेतली आणि ओल्या गाठी दोनदा मोजल्या.

एकवीस.