थोरला

पणजोबा-खापरपणजोबांच्या कबरी शोधून वंशावळ लिहायची, हे कामही भावंडांनी शिंप्याच्याच गळ्यात घातलं. "तू थोरला, तूच बघ," एवढं म्हटलं की त्यांचं भागायचं. वडील गेले तेव्हा शाळा सोडून मशीनवर बसताना, बहिणींची लग्नं उरकताना, आईचं दुखणं काढताना त्याने हेच ऐकलं होतं. नाही म्हणायला तो कधी शिकलाच नाही.

दुपारभर तो दफनभूमीत वाकून वाकून दगड घासत होता आणि बायको मागून तांब्याने पाणी ओतत होती.

"बाकीचे फोनवर फोटो बघून वा वा करतील," ती फणकारली. "पणजोबा सगळ्यांचे, गुडघे तेवढे तुमचे!"

आजोबांच्या कबरीला खेटून एक वीतभर दगड होता. त्याची अक्षरं पार झिजली होती, म्हणून शिंप्याने खिशातला कापडावर खुणा करायचा खडू त्यांच्यावरून आडवा फिरवला. आधी त्याच्या आईवडिलांची नावं उमटली. मग खाली, 'यांचा पहिला मुलगा, वय वर्षे दोन.' साल शिंप्याच्या जन्माच्या आदल्या वर्षाचं होतं.

"अगंबाई! सासूबाई कधी बोलल्या नाहीत हो," बायको म्हणाली.

खडूचा हात तसाच दगडावर ठेवून शिंपी हळूहळू खाली मातीत बसला.

 

"दादा," तो म्हणाला, "फार दमलो रे."